‘खेळकर’ हा शब्द जपून वापरा

जपानी भांड्यांबद्दल आपल्या पिढीला एकच गोष्ट पाठ आहे: किंत्सुगी. फुटलेला वाडगा, भेगांमध्ये सोनेरी रेघा आणि खाली एक वाक्य, की तुमच्या जखमांमुळेच तुम्ही सुंदर आहात. हे वाक्य रील्समध्ये असतं, कॉफी मगवर असतं आणि आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या ‘रेझिलियन्स’च्या ट्रेनिंगमध्ये तर हमखास असतं. प्रोजेक्ट कोसळला, माणसं थकली, की स्लाइडवर वाडगा येतो.

किंत्सुगीशी माझं भांडण नाही. ती अस्सल कारागिरी आहे. पण ती लाखेच्या कारागिराची आहे. फुटलेले तुकडे उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने सांधायचे आणि वर सोन्याची पूड लावायची, हे काम कुंभाराचं नव्हे. म्हणजे जपानी कुंभारकामाबद्दल आपल्याला माहीत असलेली एकुलती एक गोष्ट मुळात कुंभाराची नाहीच. भांडं फुटल्यानंतर काय करतात ते आपल्याला माहीत आहे. ते घडवताना काय करतात, याची चौकशी आपण केलेली नाही.

या अर्धवट माहितीतून एक चित्र पक्कं होऊन बसलंय: जपानी परंपरा म्हणजे शांतता, साधेपणा, मातकट रंग, मान खाली घालून चहा पिणं. मग कोणी या परंपरेशी खेळताना दिसलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘ही परंपरेची थट्टा आहे’. दोन, ‘किती क्यूट!’ पहिल्या प्रतिक्रियेत निदान राग तरी आहे. दुसरी जास्त घातक आहे, कारण ती कौतुकाच्या सुरात समोरच्याचं काम हलकं करून टाकते. हा लेख दोन्हींच्या विरोधात आहे.

भांड्यातून बाहेर पडलेला पक्षी

केइको मासुमोतो यांचा जन्म १९८२चा, ह्योगो प्रांतातला. शिक्षण क्योतो शहर कला विद्यापीठात. २०१३ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्या निवासी कलाकार होत्या. त्यांचं काम एका वाक्यात सांगता येतं: भांड्यावर जे चित्र असायला हवं, ते भांडं सोडून बाहेर येतं.

जपानी बरणीवर पक्षी रंगवलेला असतो, हे आपण गृहीत धरतो. मासुमोतो यांच्या हातात तो पक्षी बरणीच्या भिंतीतून मान बाहेर काढतो, पंख पसरतो आणि अर्धा आत, अर्धा बाहेर असा अडकून राहतो. कधी मासा असतो, कधी मंदिराच्या शिखराचे मजले. भांड्याची घडण जुनी, ओळखीची. निळी-पांढरी किंवा रंगीत नक्षी असलेली. पहिल्या नजरेत वाटतं, संग्रहालयातली वस्तू आहे. दुसऱ्या नजरेत कळतं, की सजावट आणि वस्तू यांच्यातला करार मोडलाय. कोण कोणावर आहे? पक्षी बरणीवर, की बरणी पक्ष्यावर?

बघणारा हसतो. हसायलाच हवं. पण हसण्याआधी काय काय घडलंय तेही बघू. पोर्सेलिन साधारण १३०० अंशांपर्यंत भाजतात आणि भट्टीत ते १०-१५ टक्के आकसतं. पातळ भिंत एका वेगाने आकसते, तिच्यात खोवलेली भरीव मान दुसऱ्या वेगाने. दोन्हीकडच्या मातीतला ओलावा जोडताना सारखा नसेल, तर वाळतानाच सांध्यावर तडा जातो. शिवाय ही माती विसरत नाही. ओली असताना वाकवून सरळ केलेला भाग भट्टीत पुन्हा वाकडा होऊ शकतो. वरचे रंग पुन्हा वेगळ्या, साधारण ८०० अंशांच्या भट्टीत बसवायचे. आणि रंगवताना ते फिके, खडूसारखे दिसतात, खरा रंग भट्टीनंतरच कळतो. आमच्या भाषेत सांगायचं, तर टेस्ट एन्व्हायर्नमेंट नाही, रोलबॅक नाही, थेट प्रॉडक्शन. असं काम ‘सहज सुचलं म्हणून’ होत नाही.

परंपरेत शांतता कधी होती?

आता थट्टेचा आरोप. त्यात गृहीत धरलंय, की जुनं जपानी पोर्सेलिन गंभीर होतं आणि या आजकालच्या मुलींनी त्यात खेळ आणला. इतिहास बरोबर उलटं सांगतो.

जपानी पोर्सेलिनची सुरुवात क्यूशू बेटावरच्या अरिता गावात झाली. परंपरेने मानलेलं वर्ष १६१६. २०१६ साली गावाने ४०० वर्षं साजरी केली. ज्याला श्रेय दिलं जातं तो यी साम-प्योंग हा कोरियन कुंभार. हिदेयोशीच्या सैन्याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा जे कारागीर जपानात आणले गेले त्यांच्यातला एक. नमुने चिनी होते, हात कोरियन होते, डोंगरातला दगड जपानी होता. चीनमध्ये मिंग सत्ता कोसळल्यावर तिथला माल मिळेना, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीने अरिताकडे मोर्चा वळवला. इमारी बंदरातून माल जायचा म्हणून युरोपात नाव पडलं इमारी. ज्याला आपण ‘शुद्ध जपानी’ म्हणून हात जोडतो, त्याच्या पायात युद्धकैदी, नक्कल आणि निर्यातीच्या ऑर्डरी आहेत. याने त्याचं सौंदर्य कमी होत नाही, पण त्याच्यावर सोवळं पांघरण्याचा हक्क मात्र जातो.

आणि त्या भांड्यांवर चित्रं कसली होती? काकिएमोन घराण्याच्या शैलीतली एक गाजलेली नक्षी घ्या. बांबूभोवती अंगाची वळवळ करणारा, मांजरासारखा विनोदी वाघ. जर्मनीत १७१०मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला आणि पुढे त्यांनी ही नक्षी उचलली. त्या वाघाला त्यांनी नाव दिलं ‘पिवळा सिंह’. आजही ती नक्षी त्याच नावाने ओळखली जाते. ड्रेस्डेनच्या राजदरबारात गंभीर चेहऱ्याची माणसं चुकीच्या नावाच्या वाघाच्या बशीत जेवत होती.

काकिएमोनची दुसरी नक्षी मला जास्त आवडते. मोठं पाण्याचं रांजण, त्यातून भसकन बाहेर पडणारं पाणी आणि पाण्याबरोबर बाहेर येणारा मुलगा. गोष्ट चिनी आहे. सोंग काळातला पुढे मोठा मुत्सद्दी झालेला सिमा ग्वांग लहान असताना त्याचा सवंगडी रांजणात पडला. बाकीची पोरं पळाली. याने दगड उचलला आणि रांजण फोडलं. विचार करा: भांडं फोडण्याचं चित्र, भांड्यावर. ज्या कारागिराने आयुष्यभर भांडी न फुटण्याची काळजी घेतली, त्याने बशीवर फुटणारं भांडं रंगवलं आणि सांगितलं, की आत जीव असेल तर भांडं गेलं तरी चालेल. हे कुठल्याही स्लाइडवर येत नाही. सोन्याने सांधलेला वाडगा येतो, कारण त्यात फोडणाऱ्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही.

पुढे जाऊ. मिकावाची इथली निळी-पांढरी भांडी हिरादोच्या सरदारांच्या आश्रयाखाली बनायची. त्यांची सगळ्यात प्रसिद्ध नक्षी म्हणजे पाइनच्या झाडाखाली फुलपाखरांमागे धावणारी मुलं. असं सांगतात, की सात मुलं असतील तर भांडं सगळ्यात वरच्या दर्जाचं, मग पाच, मग तीन. म्हणजे मानमरातबाचं माप होतं खेळणाऱ्या मुलांची संख्या.

आणि भांड्यातून प्राणी बाहेर येण्याबद्दल म्हणाल, तर मियागावा कोझान यांनी १८८१ साली एका वाडग्याच्या कडेवर खरे वाटावेत असे खेकडे चढवून ठेवले. आज ते भांडं जपान सरकारने जाहीर केलेली महत्त्वाची सांस्कृतिक ठेव आहे. कोझान यांचा खेकडा राष्ट्रीय वारसा आणि मासुमोतो यांचा पक्षी थट्टा? हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

मग हे मातकट चित्र आलं कुठून?

त्याचं उत्तर बऱ्याच अंशी विसाव्या शतकात आहे. १९२०च्या दशकात यानागी सोएत्सु आणि त्यांच्या मित्रांनी ‘मिंगेई’ ही लोककलेची चळवळ उभी केली. अनामिक कारागीर, रोजच्या वापराची वस्तू, साधेपणा हे तिचे आदर्श. विलायती मालाचा पूर येत असताना, दुर्लक्षित गावकुंभारांची बाजू घेणारी ती महत्त्वाची चळवळ होती. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभारामार्फत ती जगभर गेली. पण जाताना तिची एक आवड, ‘जपान म्हणजे हेच’ अशी होऊन गेली.

भारतातही ती पोचली आणि हे आपल्याला माहीत असायला हवं. दिल्ली ब्लू पॉटरीचे सरदार गुरचरण सिंग १९१९मध्ये जपानला गेले आणि याच वर्तुळातल्या लोकांना भेटले. १९७१मध्ये पाँडिचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. स्मिथ जपानात शिकून आल्या होत्या. भारतातल्या स्टुडिओ पॉटरीवर या दोन ठिकाणांची मोठी छाप आहे. त्यामुळे आज पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात ‘जपानी’ म्हणून जो खरबरीत, तपकिरी मग आपण दीड हजाराला घेतो, त्याच्यामागे जपानचा एक कोपरा आहे. अरिताचा लाल-सोनेरी भपका, कुतानीचे जांभळे-हिरवे रंग, कोझानचा खेकडा हेही जपानच आहे. ते आपल्या दुकानात आलं नाही, एवढंच.

मुलाने मोडलं तर बंड, मुलीने मोडलं तर गंमत

आता दुसरी प्रतिक्रिया, ‘क्यूट’वाली. हिच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

१९४८मध्ये क्योतोत यागी काझुओ आणि त्यांच्या साथीदारांनी ‘सोदेइशा’ हा गट स्थापन केला. १९५४मध्ये यागी यांनी ‘साम्सा यांचा फेरफटका’ नावाचं काम केलं: चाकावर घडवलेलं एक कडं, त्याला किड्याच्या पायांसारख्या नळ्या. नाव काफ्काच्या कथेवरून. त्यात ना पाणी ठेवता येतं ना फूल. कलेच्या इतिहासात याला काय म्हणतात? क्रांती. बंड. कुंभारकामाची उपयोगितेतून मुक्ती. बरोबरच आहे. पण ते काम गमतीदारही आहे. त्याला पाय आहेत आणि ते फिरायला निघालंय! तरी यागी यांच्याबद्दल लिहिताना ‘खेळकर’ हा शब्द पहिल्या ओळीत येत नाही.

मासुमोतो यांच्याबद्दल लिहिताना येतो. योका मुता यांच्याबद्दलही येतो. मोडतोड तीच, लेबल वेगळं. पुरुषाने नियम मोडला तर त्याच्यामागे विचार असतो, बाईने मोडला तर तिच्यामागे स्वभाव असतो. ‘खेळकर’ हा स्वभावाचा शब्द आहे. तो कामाला चिकटवला, की कामाबद्दल बोलायची गरज उरत नाही.

हे लेबल कोणत्या पार्श्वभूमीवर लागतं तेही बघा. जपानमधल्या अनेक भट्ट्यांवर बायकांनी जवळ येऊ नये असा दंडक होता. कारण विटाळ. मराठी वाचकाला या शब्दाची फोड करून सांगायची गरज नाही. बायकांनी काम केलंच नाही असं नव्हे. माती तयार करणं, नक्षी रंगवणं ही कामं त्या करतच होत्या. भांड्यावर नाव आणि भट्टीवर हुकूम मात्र त्यांचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर कलाविद्यापीठांची दारं उघडली तेव्हा घराण्याबाहेरून, शिक्षणाच्या वाटेने बायका या क्षेत्रात आल्या. १९५७मध्ये त्सुबोई आसुका यांनी क्योतोत स्त्री कुंभारांचा गट स्थापन केला. कुतानीतलं मोठं घराणं तोकुदा यासोकिची. त्या नावाची चौथी धनी, २०१०पासून, एक स्त्री आहे.

एवढ्या वाटचालीनंतर एखादी बाई त्याच परंपरेच्या बरणीतून पक्षी बाहेर काढते. जिला भट्टीजवळ उभं राहू दिलं नसतं ती आता भांड्याच्या नियमांची चाचणी घेते आहे. आणि आपण म्हणतो, किती गोड.

खेळ आणि स्टिकर

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही थोडं भांडायचंय. खेळ म्हटलं की सगळं माफ, असं नाही. जुन्या नावावर काहीही विकणं सोपं असतं. कुतानीच्या छोट्या बश्यांवर हॅलो किटी मिळते, डोरेमॉन मिळतो. कारखान्यांना पोट आहे; १९९०च्या सुमारास बुडबुडा फुटल्यापासून पारंपरिक भांड्यांचा बाजार आटत गेला, तेव्हा त्यांनी हे केलं याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्याला परंपरेशी खेळणं म्हणू नका. ते स्टिकर आहे.

फरक ओळखायची एक सोपी कसोटी आहे. चित्र मनातल्या मनात काढून टाका. बशी जशीच्या तशी राहिली, तर ते स्टिकर. मासुमोतो यांच्या बरणीतून पक्षी काढा: बरणीला भोक पडतं. तिथे चित्र आणि भांडं एकमेकांचा आधार झालेत. तो खेळ.

योका मुता या कसोटीवर वेगळ्या वाटेने उतरतात. टोकियोत १९८१मध्ये जन्म, २००८मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्समधून फाइन आर्टची पदवी. गोल्डस्मिथ्स म्हणजे संकल्पनात्मक कलेचा गड. तिथून बाहेर पडलेल्या माणसाने इशिकावाला जाऊन कुतानीच्या प्रशिक्षण संस्थेत पुन्हा विद्यार्थी व्हावं, बाह्यरेषा कशी ओढायची आणि तिच्यावर काचेसारखा रंग किती जाड चढवायचा ते शिकावं, हे थट्टा करणाऱ्याचं लक्षण नाही. २०१२मध्ये त्यांनी तो अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यांच्या वाडग्यांवर प्राणी आणि लाटा जागा मागत नाहीत, बळकावतात. चित्र आतून बाहेर, कडेवरून पलीकडे वाहतं. ते बघायला भांडं हातात धरून फिरवावं लागतं. सपाट कॅनव्हासवर हे चित्र उभंच राहणार नाही. म्हणजे इथेही भांडं काढलं की चित्र मरतं.

गंमत अशी, की मुता ज्या कुतानीत शिकल्या, तिची मुळंच वादात आहेत. सतराव्या शतकातली ‘जुनी कुतानी’ काही दशकांत थांबली, एकोणिसाव्या शतकात नव्याने सुरू झाली. आणि आज अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे, की जुनी कुतानी म्हणून मिरवणाऱ्या भांड्यांपैकी बरीचशी अरितात बनली होती. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनी ज्याला आपल्या गावचा वारसा समजून पुन्हा जिवंत केलं, तो कदाचित दुसऱ्या गावचा होता. तरी त्यातून जे उभं राहिलं ते अस्सल कुतानी आहे. शुद्धतेच्या पहारेकऱ्यांनी यावर एक दिवस शांत बसून विचार करावा.

‘पण याचा उपयोग काय?’

शेवटचा आक्षेप इंजिनीअर मंडळींचा असतो, म्हणून तो मला जास्त ऐकायला मिळतो. बरणीत पाणी ठेवता येत नसेल तर ती बरणी कसली?

सॅक्सनीच्या बलाढ्य ऑगस्टसने हजारो पूर्वेकडची भांडी जमवली आणि त्यांच्यासाठी ड्रेस्डेनमध्ये एक राजवाडा घेतला. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यातल्या एका खोलीच्या भिंती छतापर्यंत पोर्सेलिनने मढवल्या आहेत. यात कोणी लोणचं घातलं नव्हतं. जी भांडी आपण ‘उत्तम पारंपरिक’ म्हणून संग्रहालयात बघतो, त्यांतली कित्येक पहिल्या दिवसापासून बघण्यासाठीच होती. आपल्याकडेही शोकेसमधला चांगला कपबशीचा सेट पाहुण्यांसाठी राखून ठेवतात आणि पाहुणे आले की स्टीलच्या पेल्यात चहा देतात. वस्तू फक्त वापरासाठी असते, हे घरात कोणीच मानत नाही. कलेच्या बाबतीतच अचानक आठवतं.

आणि खेळाचाही उपयोग असतोच. गॅरेजमधला मेकॅनिक स्टेअरिंग हलवून म्हणतो, ‘प्ले आहे’. प्ले जास्त झाला तर गाडी भरकटते हे खरं. पण कोणत्याही सांध्यात प्ले अजिबात नसेल, तर तो सांधा जाम होतो. भाग गरम होऊन फुगतात, त्यांना हलायला जागा लागते. परंपरेचंही तेच आहे. काळ तापतो, बाजार बदलतो, शिकणारी माणसं बदलतात. ज्या परंपरेत हलायला जागा नाही ती जास्त शुद्ध राहत नाही. ती अडकते, आणि अडकलेल्या यंत्राला आपण आदराने काचेच्या कपाटात ठेवतो.

तेव्हा मासुमोतो यांच्या कामाला खेळकर म्हणायचं असेल तर म्हणा. मात्र मग यागी यांनाही म्हणा, कोझान यांनाही म्हणा, आणि बशीवर फुटणारं रांजण रंगवणाऱ्या त्या अनामिक कारागिरालाही म्हणा. सगळ्यांना एकाच मापाने म्हटलं, तर तो शब्द दाद ठरेल. फक्त बायकांसाठी राखून ठेवला, तर ती पाठीवरची थाप आहे, आणि पाठीवरची थाप नेहमी वरून खाली पडते.